मीपणाचें माप



कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही दहावीच्या वर्गांत बीजगणिताचें एक उदाहरण फळ्यावर सोडवीत होतों. वर्ग शांत होता, खडू चांगला चालत होता, आणि स्वतःच्या हस्ताक्षराविषयीं आम्हांस जें थोडेंसें कौतुक आहे तेंही त्या वेळीं जागें होतें. इतक्यांत मागल्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, तिसऱ्या ओळींतलें चिन्ह चुकलें आहे." आम्हीं फळ्याकडे वळूनही पाहिलें नाहीं. "आधीं उतरवून घे, मग बोल," एवढेंच म्हणालों, आणि तो मुकाट्यानें खालीं बसला. संध्याकाळीं घरीं तेंच उदाहरण पुन्हां करून पाहिलें, तों पक्षांतर करतांना उणें चिन्ह तसेंच राहून गेलें होतें. मुलगा बरोबर होता.

गोष्ट एवढ्यावरच संपती तर ती लिहिण्याचें कारण नव्हतें. चूक कोणाच्याही हातून होते. लिहिण्यासारखें आहे तें हें कीं, ती चूक वर्गापुढें कबूल करण्यास आम्हांस तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत आमच्या मनानें जी वकिली केली ती ऐकण्यासारखी होती. उदाहरणाची रीत तर बरोबर होती ना? उद्यां नवा भाग सुरू करावयाचा आहे, मग मागलें उकरण्यांत वेळ कां घालवावा? शिवाय शिक्षकावरील विश्वास उडाला तर त्यांत मुलांचेंच नुकसान नाहीं काय? ही शेवटची सबब सर्वांत गोड होती. कारण तींत आमचा मीपणा मुलांच्या हिताचा अंगरखा घालून आला होता.

आमच्या भाषेंत ह्या विकारासाठीं शब्दांचा तोटा नाहीं. गर्व, ताठा, दर्प, घमेंड, तोरा, अहंकार; आणि मौज अशी कीं, हे सर्व शब्द आपण शेजाऱ्याविषयीं वापरतों, व तीच वस्तु आपल्या घरीं निघाली म्हणजे तिला स्वाभिमान म्हणतों. ह्या दोहोंत खरा भेद आहे, परंतु तो शब्दांनीं सांगून भागत नाहीं. वाण्याच्या दुकानांतील वजनाचें पहा. तें झिजून हलकें झालेलें असो, अथवा कोणी त्याच्या पोटांत शिसें भरून जड केलेलें असो, दोन्ही वजनें खोटींच. आणि ज्याच्या हातीं तीं असतील त्याचा सारा व्यवहार खोटा. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायांत हाच विषय काढिला आहे. मनुष्यानें स्वतःला वाजवीपेक्षां अधिक लेखूं नये, तर मर्यादेनें लेखावें, असा त्याचा आशय आहे. स्वतःला कवडीमोल समजावें असें तेथें कोठेंही म्हटलेलें नाहीं. उपदेश करणारे पुष्कळ लोक, आमच्यासह, हा अर्धा भाग विसरतात.

'गर्वाचें घर खालीं' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतों. ती पुरती खरी नाहीं असें आमचें मत झालें आहे. गर्वाचें घर पुष्कळदां खालीं येतच नाहीं. तें चांगलें दुमजली उभें राहतें, आणि आंतील माणसें मात्र एकमेकांस दुरावतात. ह्याचें एक उदाहरण विज्ञानाच्या इतिहासांत आहे. तें गुरु-शिष्यांचें आहे, म्हणून शाळेच्या अंकांत तें अस्थानीं होणार नाहीं. आणि त्यांतील दोघेही पुरुष थोर आहेत, म्हणून एकाला देव व दुसऱ्याला दैत्य ठरवून मोकळें होण्याची सोय त्यांत नाहीं.

मायकेल फॅरडे हा २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळ न्यूइंग्टन येथें एका लोहाराच्या घरीं जन्मला. बापाची प्रकृति नाजूक, घरांत दारिद्र्य, आणि शाळा नांवापुरती. चौदाव्या वर्षीं तो रीबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याकडे सात वर्षांच्या करारानें पुस्तकबांधणीचा धंदा शिकूं लागला. जीं पुस्तकें बांधावयास येत त्यांतलीं पुष्कळ हा मुलगा वाचूनही काढी. १८१२ मध्यें दुकानांत येणाऱ्या एका सद्गृहस्थानें त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेंत होणाऱ्या सर हंफ्री डेव्ही याच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. फॅरडेनें टिपणें घेतलीं, त्यांची सुवाच्य नक्कल केली, चित्रें काढलीं, स्वतःच्या हातानें सारें बांधून त्याचा ग्रंथ केला व तो डेव्हीकडे पाठविला. १ मार्च १८१३ रोजीं आठवड्यास पंचवीस शिलिंग पगार व त्याच इमारतींत माडीवरच्या दोन खोल्या एवढ्यावर प्रयोगशाळेंतील मदतनीस म्हणून त्याची नेमणूक झाली.

आतां हा डेव्ही कोण? तोही कांहीं श्रीमंताघरचा नव्हता. कॉर्नवॉलमधील पेन्झॅन्स गांवच्या एका लाकूड कोरणाऱ्याचा तो मुलगा. एका वैद्याकडे उमेदवारी करून वर आलेला. १८०७ मध्यें विजेच्या साहाय्यानें त्यानें पोटॅशियम व सोडियम हीं दोन मूलद्रव्यें वेगळीं केलीं, १८१२ मध्यें त्याला 'सर' ही पदवी मिळाली, आणि १८२० मध्यें तो रॉयल सोसायटी ह्या विद्वत्सभेचा अध्यक्ष झाला. पेन्झॅन्सपासून त्या खुर्चीपर्यंतची वाट ज्यानें स्वतः चालून काढिली त्याला आपल्या पायांचें कौतुक वाटलें तर त्यांत नवल तें काय? बरें, त्याचें मन कोतें होतें असेंही नव्हे. कोळशाच्या खाणींत पेट घेणारा वायु साठे, व उघड्या दिव्यानें स्फोट होऊन माणसें मरत. १८१५ मध्यें डेव्हीनें ज्योतीभोंवतीं बारीक तारेची जाळी बसविली. जाळी उष्णता ओढून घेते, आणि बाहेरचा वायु पेटत नाहीं. ह्या दिव्याचें पेटंट घेऊन त्याला मोठा पैसा करितां आला असता. त्यानें तें घेतलें नाहीं. कामांत साहाय्य केल्याबद्दल फॅरडेचे आभारही त्यानें आपल्या लेखांत मानिले.

पण त्याच सुमारास किलिंगवर्थ येथील खाणीवर यंत्रें सांभाळणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सन नांवाच्या कारागिरानें आपल्या बुद्धीनें तशाच उपयोगाचा दिवा बनविला होता, असें पुढें आलें. लहानपणीं शाळेचें तोंड न पाहिलेल्या मनुष्यानें हें करावें ही गोष्ट डेव्हीला मुळींच सहन झाली नाहीं. त्यानें आपली कल्पना चोरली असेंच त्याचें म्हणणें पडलें. लाकूड कोरणाऱ्याच्या मुलानें असें म्हणावें! पैसा सोडण्यास जो सहज तयार झाला तो श्रेयाचा चतकोरही सोडण्यास तयार नव्हता. आम्हीं आमच्या भोंवतींही पाहिलें आहे कीं, पैशाचा लोभ ज्याला कधीं शिवला नाहीं असा मनुष्य सत्काराच्या हारांतील एका फुलासाठीं रुसून बसतो.

ऑक्टोबर १८१३ मध्यें डेव्ही सपत्नीक युरोपच्या प्रवासास निघाला. फॅरडे शास्त्रीय मदतनीस म्हणून बरोबर होता. परंतु डेव्हीच्या खासगी नोकरानें ऐन वेळीं येण्याचें नाकारलें, आणि नवा नोकर मिळेपर्यंत तेंही काम फॅरडेवर पडलें. नवा नोकर कांहीं मिळाला नाहीं. त्यांतून लेडी डेव्ही ही मोठी मानी स्त्री. फॅरडेला ती नोकराच्याच पायरीवर ठेवी. आपल्या मित्रास लिहिलेल्या पत्रांतून त्यानें ह्याबद्दल मनमोकळें दुःख केलें आहे, आणि सर्व सोडून घरीं परत जावें असेंही त्याच्या मनांत येऊन गेलें. तो गेला नाहीं. त्याच प्रवासांत त्याला पॅरिसमध्यें अँपियर व इटलींत वृद्ध व्होल्टा यांचें दर्शन घडलें, डेव्हीच्या हाताखालीं प्रयोग करावयास मिळाले, आणि एप्रिल १८१५ मध्यें तो परतला तो अर्धा पंडित होऊन. कोणी म्हणेल, त्याला स्वाभिमान नव्हता. आम्हांस तसें वाटत नाहीं. अपमान तर त्याला चांगला कळत होता. पण आपण येथें कशासाठीं आलों आहों हें त्याला त्याहून अधिक चांगलें कळत होतें.

पुढें शिष्य वाढूं लागला, आणि खरी परीक्षा सुरू झाली. १८२० मध्यें डेन्मार्कच्या अर्स्टेड यानें विजेचा प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते असें दाखविलें होतें. वुलस्टन नांवाच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञास अशी कल्पना सुचली कीं, लोहचुंबक जवळ आणिल्यास तार स्वतःभोंवतीं फिरावी. त्यानें डेव्हीबरोबर तसा प्रयत्न केला, पण तो साधला नाहीं. सप्टेंबर १८२१ मध्यें फॅरडेनें निराळ्या रीतीनें तार लोहचुंबकाच्या भोंवतीं प्रदक्षिणा घालते असें सिद्ध केलें. आज घरोघरीं फिरणारा पंखा ज्या मोटारीवर चालतो तिचें मूळ ह्या प्रयोगांत आहे. फॅरडेनें आपला लेख ताबडतोब छापला, आणि त्यांत वुलस्टनचें नांव घातलें नाहीं. छापण्यापूर्वीं तो वुलस्टनकडे गेला होता; ते गांवीं नव्हते. लोकांत कुजबूज झाली कीं, ह्या पोरानें दुसऱ्याची कल्पना लांबविली.

येथें फॅरडेच्या हातून घाई झाली हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. त्यानेंही तें लपविलें नाहीं. थोडें थांबावयास हवें होतें अशी खंत त्यानें बोलून दाखविली. परंतु चोरीचा आरोप मात्र त्यानें क्षणभरही मान्य केला नाहीं. त्यानें वुलस्टनला सरळ पत्र लिहून भेट मागितली, आणि आपल्याकडून काय अपराध घडला तें विचारिलें. वुलस्टन उदार मनाचा होता. त्यानें ती गोष्ट फारशी मनावर घेतली नाहीं, व पुढें फॅरडेचे प्रयोग पाहावयासही तो आला. आपली चूक चुकीएवढीच मानावयाची, तिच्यापेक्षां लहान नव्हे आणि मोठीही नव्हे, हें फार कठीण काम आहे. आपल्यापैकीं बहुतेकजण एकतर सर्वच नाकारतात, नाहींतर सर्वांगाला राख फांसून बसतात.

मे १८२३ मध्यें फॅरडेचें नांव रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं पुढें आलें. शिफारसपत्रावर एकोणतीस सभासदांच्या सह्या होत्या, आणि त्यांत वुलस्टनची सही अगदीं आरंभीं होती. विरोध केला तो डेव्हीनें! अध्यक्ष ह्या नात्यानें त्यानें फॅरडेस तें पत्र काढून घेण्यास सांगितलें. फॅरडेनें उत्तर दिलें कीं, तें आपण लावलें नाहीं, शिफारस करणाऱ्यांनीं लावलें आहे. मग त्यांना काढावयास सांग, असें डेव्ही म्हणाला. ते काढणार नाहींत, असें फॅरडेनें सांगितलें. मग अध्यक्ष म्हणून मीच काढीन! त्यावर फॅरडे शांतपणें एवढेंच म्हणाला कीं, सोसायटीच्या हिताचें जें दिसेल तेंच सर हंफ्री करतील अशी आपली खात्री आहे. ८ जानेवारी १८२४ रोजीं मतदान झालें. फॅरडे निवडून आला. पेटींत विरोधाची गोटी एकच निघाली. मतदान गुप्त असल्यामुळें ती कोणाची हें कोणी लिहून ठेविलेलें नाहीं.

हा प्रसंग वाचतांना आम्हांस नेहमीं शौल राजा आठवतो. गल्याथाला मारून दावीद परत आला तेव्हां स्त्रियांनीं गाण्यांत शौलाच्या नांवापुढें हजारांचा आंकडा घातला, आणि दाविदाच्या नांवापुढें दहा हजारांचा. शौलाचें राज्य त्या दिवशीं तसूभरही कमी झालें नव्हतें. शत्रु पळाला होता, तो त्याचाच शत्रु होता. पण आंकडा त्याच्या मनांत रुतला, आणि जो मुलगा वीणा वाजवून त्याला शांत करी त्याच्यावरच त्यानें भाला उगारला. आपल्याहून थोर जे दूर आहेत त्यांच्यापुढें नम्र होणें सोपें आहे. न्यूटनपुढें कोण नम्र होत नाहीं? मीपणा दुखावतो तो हाताखालचा, धाकटा, काल आपणच ज्याला शिकविलें तो वर येऊं लागला म्हणजे. कचेऱ्यांत संगणक आले त्या वेळीं वीस वर्षें नोकरी झालेल्या किती हुशार माणसांनीं, कालच्या पोराला विचारावें लागूं नये एवढ्याचसाठीं, तें यंत्र शिकण्याचें टाळलें हें वडीलमंडळींस आठवत असेल.

डेव्हीवर अन्याय होऊं नये म्हणून हेंही सांगितलें पाहिजे कीं, १८२५ मध्यें प्रयोगशाळेचा संचालक म्हणून फॅरडेची नेमणूक झाली ती डेव्हीच्याच शिफारसीनें. माणसाचें मन एकरंगी नसतें. १८२९ मध्यें डेव्ही जिनीव्हा येथें मरण पावला तो मोठ्या सन्मानानें. त्याच्या गर्वाचें घर खालीं आलें नाहीं. फॅरडेनेंही आपल्यावर त्याचे किती उपकार आहेत हें पुढें कधीं नाकारिलें नाहीं. श्रेयाच्या बाबतींत हा शिष्य कसा वागला त्याचा एकच दाखला देतों. १८२३ मध्यें त्यानें बंद नळींत क्लोरीन वायूचें द्रव केलें. प्रयोगाची सूचना आपली असल्याचें डेव्हीनें त्याच्या लेखाच्या शेवटीं टीप जोडून नमूद केलें. गुरु-शिष्यांत वाटणीचा वाद उभा राहण्याचा हा प्रसंग. फॅरडेनें जुने लेख शोधले, आणि १८२४ मध्यें प्रसिद्ध केलें कीं, वायूंचें द्रव करण्याचीं कामें आपल्या दोघांच्याही आधीं इतरांच्या हातून झालेलीं आहेत! वांटावयाच्या भाकरीपैकीं मोठा तुकडा तिसऱ्याचाच आहे असें निघाल्यावर भांडण कशाचें राहणार?

एवढ्यावरून फॅरडे म्हणजे मान खालीं घालून सर्व सोसणारा मनुष्य, असा कोणी समज करून घेऊं नये. १८३५ मध्यें सरकारनें त्याला वार्षिक तीनशें पौंडांचें निवृत्तिवेतन देण्याचें ठरविलें, व त्यासाठीं तो पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न याच्या भेटीस गेला. विद्वानांस असें वेतन देण्याची चालच थोतांड आहे, असे कांहींसे उद्गार मेलबर्नच्या तोंडून गेले, आणि तेही शिव्यांची फोडणी देऊन. फॅरडे घरीं आला, व हें वेतन आपणांस नको अशी चिठ्ठी त्यानें त्याच दिवशीं पंतप्रधानाच्या कचेरींत नेऊन दिली. मध्यस्थांनीं पुष्कळ समजाविलें. त्यानें लेखी दिलगिरी मागितली. मेलबर्ननें ती लिहून दिली, तेव्हां त्यानें वेतन स्वीकारलें. लेडी डेव्हीच्या ताटाखालचें सोसणारा आणि इंग्लंडच्या पंतप्रधानाला माफी मागावयास लावणारा मनुष्य एकच! आम्हीं ह्यावर बराच विचार केला. पहिल्या वेळीं अपमान त्याच्या एकट्याचा होता, आणि सोसून मिळावयाची विद्या मोठी होती. दुसऱ्या वेळीं एका पदाधिकाऱ्यानें सर्व विद्याव्यवसायासच हलकें लेखिलें होतें, आणि तें सोसून मिळावयाचा होता तो केवळ पैसा.

हें तारतम्य त्याला निसर्गतःच लाभलें होतें असें नाहीं. स्वभावानें तो तापट होता, असें त्याला जवळून पाहणाऱ्यांनीं लिहिलें आहे. त्यानें कांहीं साध्या सोयी करून ठेविल्या होत्या. तरुणपणीं एका मित्राबरोबर बसून तो आपल्या भाषेंतील व उच्चारांतील दोष काढवून घेई, आणि पुढें तोच मित्र त्याच्या व्याख्यानांस दोष टिपण्यासाठीं येऊन बसे. बोलतांना आपली गति वाढते हें ठाऊक असल्यामुळें 'सावकाश' असें लिहिलेलें एक कार्ड डोळ्यांपुढें ठेवण्याची आज्ञा त्यानें आपल्या मदतनीसासच देऊन ठेविली होती. मुलांनो, ह्यांतलें मर्म पहा. टीका बाहेरून अवचित आली म्हणजे ती दगडासारखी लागते. तीच आपण होऊन मागितली म्हणजे ती औषधासारखी घेतां येते. तसेंच, प्रयोगांच्या रोजनिशींत तो परिच्छेदांस क्रमांक घालीत असे. शेवटचा क्रमांक १६,०४१ आहे. त्यांत साधलेले प्रयोग जसे आहेत तसे फसलेलेही आहेत. गुरुत्वाकर्षण व वीज यांचा संबंध शोधण्याचे त्याचे प्रयत्न निष्फळ झाले. तेंही त्यानें १८५१ मध्यें छापून सर्वांस कळविलें.

आणि त्याची मंडळी! लंडनमधील एका लहानशा, साध्या ख्रिस्ती पंथाचा तो सभासद होता. तेथें कारागीर व दुकानदार यांच्या रांगेंत तो रविवारीं बसे. १८४० मध्यें तेथील वडील म्हणून तो निवडला गेला. १८४४ मध्यें त्याच मंडळीनें त्याला कांहीं आठवडे सहभागितेंतून वगळलें. ज्याच्या नांवाचा युरोपभर बोलबाला होता तो मनुष्य रुसून दुसरीकडे गेला नाहीं. पुन्हां त्यांच्यांतच येऊन बसला. आठवड्यांतून एक जागा तरी अशी असावी कीं, जेथें आपली पदवी कोणी विचारीत नाहीं.

आतां झिजलेल्या वजनाविषयीं दोन शब्द, कारण आमच्या वर्गांत जड वजनांपेक्षां हींच अधिक आढळतात. उत्तर येत असून हात वर न करणारी मुलें असतात. विचारलें तर म्हणतात, "चुकलें तर सगळे हंसतील." आई-बाप ह्याला विनय समजतात. आमच्या समजुतीप्रमाणें हा बहुधा मीपणाचाच दुसरा चेहरा आहे. कारण त्या मुलाचें लक्ष उदाहरणाकडे नसून आपण कसे दिसूं ह्याकडे असतें. गर्विष्ठ आरशांत पाहून हंसतो, लाजाळू आरशांत पाहून रडतो. पण आरसा दोघांच्याही हातचा सुटत नाहीं. अशा मुलाला "तूं फार हुशार आहेस" असें सांगून भागत नाहीं; त्यानें आरसा आणखी घट्ट धरला जातो. त्याच्या हातीं काम द्यावें. दिव्याची जाळी किती बारीक असावी ह्या विचारांत गढलेल्या मनुष्यास स्वतःची आठवण राहत नाहीं.

वडीलमंडळींस एकच विनंती. निकालाच्या दिवशीं कित्येक घरीं मुलाच्या गुणपत्रिकेवर बापाचा मीपणा सही करतो. मुलाला शंभरापैकीं ऐंशी गुण मिळाले तर प्रश्न येतो तो राहिलेल्या विसांचा नव्हे, तर शेजारच्या मुलाच्या पंच्याऐंशींचा. त्या वीस गुणांत काय समजलें नाहीं हें विचारणारे बाप आम्हांस फार थोडे भेटले. जे भेटले त्यांचीं मुलें पुढें सर्वच मोठीं झालीं असें आम्ही म्हणणार नाहीं; परंतु चूक दाखविली म्हणजे तीं चेहरा पाडीत नसत.

फॅरडे स्वतः वृद्ध झाला तेव्हां त्याच्याही दारीं तीच परीक्षा आली. लोहचुंबकाभोंवतीं बलरेषा पसरलेल्या असतात ही कल्पना त्यानें मांडली होती, परंतु गणित त्याला येत नव्हतें. त्यामुळें पुष्कळ गणिती ती कल्पना हंसण्यावारी नेत. जेम्स क्लार्क मॅक्सवेल नांवाच्या स्कॉटिश तरुणानें तिला गणिताचें रूप दिलें, व तो निबंध फॅरडेकडे पाठविला. १८५७ मध्यें फॅरडे सहासष्टाव्या वर्षांत होता, आणि मॅक्सवेल पंचविशी ओलांडण्याच्या बेतांत होता. तें गणित पाहून आपण प्रथम जवळजवळ घाबरलों, असें फॅरडेनें त्या मुलास उत्तरीं लिहिलें, आणि आपला विषय तें गणित पेलूं शकतो ह्याचें नवलही बोलून दाखविलें. पुढें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यानें विचारिलें कीं, गणितज्ञांनीं काढलेले निष्कर्ष आमच्यासारख्यांस समजतील अशा साध्या भाषेंत सांगतां येणार नाहींत काय, म्हणजे आम्हांस त्यांवर प्रयोग करितां येतील. आपल्या नातवाच्या वयाच्या प्राध्यापकाला आपल्याच विषयांत 'मला हें समजत नाहीं' असें लिहावयास जें लागतें तें त्याच्यापाशीं होतें. १८६५ मध्यें मॅक्सवेलनें प्रकाश हीही वीज व चुंबकत्व यांचीच लहर आहे असें गणितानें दाखविलें. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद फॅरडेपुढें आलें होतें, तें त्यानें घेतलें नाहीं. शेवटपर्यंत साधा मायकेल फॅरडेच राहण्याची त्याची इच्छा होती.

आरंभींची गोष्ट अर्धी राहिली आहे. चौथ्या दिवशीं आम्हीं वर्गांत गेल्याबरोबर तेंच उदाहरण पुन्हां फळ्यावर लिहिलें, तिसऱ्या ओळीखालीं रेघ ओढली, आणि चूक आमची होती व ती कोणी दाखविली हें सांगितलें. वर्ग हंसला नाहीं. मागल्या बाकावरचा मुलगा मात्र लाजून वहींत पाहूं लागला. पुढच्याच आठवड्यांत तो पुन्हां उभा राहिला. "सर, पांचव्या ओळींत चूक आहे." ह्या वेळीं आम्हीं खडू खालीं ठेवला, दोन पावलें मागें सरून ओळ नीट वाचली, आणि त्यालाच पुढें बोलावून ती सोडवावयास सांगितलें. तो अर्ध्यावर आला, थांबला, आणि आमच्या आधीं स्वतःच मोठ्यानें हंसला. चूक त्याचीच होती.